खर्जाची तार

तंबोऱ्याच्या चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटची जाड तार खर्जाची. गायकाचा षड्ज काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) असेल, तर जोडाच्या तारा १३८.६ हर्ट्झवर लागतात आणि खर्ज बरोबर निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झवर. जवारी, म्हणजे घोडीवरच्या दोऱ्याने येणारी झणकार, नीट निघालेली असेल तर त्या एकाच तारेतून वरच्या स्वरांचा पदर हळूहळू उलगडत जातो, आणि त्याच्या तळाशी खर्ज नुसता टेकून असतो. ऐकू येण्यापेक्षा तो असल्याचं जाणवतं. खिशात मावेल एवढा, पण आवाज चांगला असलेला प्लेअर निवडायचा असेल तर दुकानदाराने लावलेल्या झगमगीत गाण्याऐवजी ख्याल सुरू होण्याआधीचा हा मिनिटभराचा तंबोरा ऐकावा. खाली आवाज पोचतो की नाही, वर तो करकरीत होतो का, मागे शांतता आहे की फुसफुस, या सगळ्याची उत्तरं त्या एका मिनिटात मिळतात.

आधी एक सरळ प्रश्न. खिशात फोन असताना वेगळा प्लेअर हवा कशाला? ॲपलने मे २०२२मध्ये आयपॉड बंद केला, आणि पुष्कळांना वाटलं की ही जातच संपली. फोनला हेडफोनचं भोक उरलेलं नसलं तरी यूएसबी-सीचा छोटा डोंगल मिळतो, आणि ॲपलचा तो चिमुकला डोंगल आवाजाच्या बाबतीत खरोखरच उत्तम आहे. सुमारे १ व्होल्ट देतो, आतला अडथळा नगण्य. युरोपात विकला जाणारा डोंगल मात्र जवळपास निम्माच व्होल्ट देतो, तेव्हा परदेशातून कुणी आणून देणार असेल तर तेवढं विचारून घ्यावं. काही अँड्रॉइड फोनवर याचा आवाज फारच बारीक येतो. फोन डोंगलच्या आतला आवाज पूर्ण उघडत नाही, हे त्यामागचं कारण. डोंगल खराब नसतो. ज्यांना फक्त चांगला आवाज हवा आहे, त्यांनी आधी हा डोंगल घेऊन पाहावा. बऱ्याच जणांचा शोध तिथेच संपेल, आणि तसा तो संपला तर चांगलंच आहे.

प्लेअर हवा तो दुसऱ्या कारणांसाठी. विलंबित ख्याल चालू असताना मध्येच बँकेचा मेसेज टणकन वाजू नये. डोळे मिटूनही गाणं पुढे-मागे करता यावं, म्हणून खऱ्या दाबायच्या कळा असाव्यात. नेट नसलेल्या घाटात, एसटीत, शेतावर सगळा संग्रह सोबत असावा. फोनची बॅटरी फोनसाठीच राहावी. ही गरज असेल तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ आहे.

आधी इअरफोन ठरवावा, मग प्लेअर. हा क्रम उलटला की पैसे वाया जातात, कारण कानाला जे ऐकू येतं त्यातला मोठा वाटा इअरफोनचा आणि तो कानात कसा बसतो याचा असतो. रबरी टिप नीट बसली नाही, बारीकशी फट राहिली, तर खर्ज सगळ्यात आधी पळतो. मग लोक प्लेअरला दोष देतात, बास वाढवतात, आणि आवाज गढूळ करून ठेवतात. कान वर आणि किंचित मागे ओढून इअरफोन आत सरकवायचा, मग कान सोडायचा. बरोबर बसला तर बाहेरचा पंखा, रस्ता एकदम दूर गेल्यासारखे वाटतात. दोन्ही कानांचा आकार सारखा असतोच असं नाही. डाव्याला मधली आणि उजव्याला मोठी टिप लागणं अगदी नेहमीचं आहे. लोकलमध्ये ऐकणाऱ्याने तर यावरच सगळं लक्ष द्यावं, कारण गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवणं हा कान गमावण्याचा रस्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. आवाज थोडा वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात.

इअरफोनच्या खोक्यावर दोन आकडे पाहायचे: अडथळा किती ओहम, आणि संवेदनशीलता किती डेसिबल. दुसऱ्या आकड्यात एक गोम आहे. तो कधी दर मिलीवॅटला दिलेला असतो, तर कधी दर व्होल्टला, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गफलत होते. ३२ ओहमच्या इअरफोनला व्होल्टचा आकडा मिलीवॅटच्या आकड्यापेक्षा १५ डेसिबलने मोठा दिसतो, १६ ओहमच्याला १८ने. म्हणजे ‘११० डेसिबल दर व्होल्ट’ असं मिरवणारा १६ ओहमचा इअरफोन प्रत्यक्षात ९२ डेसिबल दर मिलीवॅटचाच असतो, म्हणजे वाजवायला जरा जडच.

आता हिशेब करून पाहू. ३२ ओहम, १०० डेसिबल दर मिलीवॅट असा साधारण इअरफोन घ्या. आपण निवांत ऐकतो ते ७०-७५ डेसिबलवर. पण तबल्याची एखादी खणखणीत थाप, तान संपवून घेतलेली सम त्याच्या बरीच वर उसळते. तेव्हा ११० डेसिबलपर्यंत प्लेअरने न फाटता पोचावं, एवढी सोय पुरे. १००वरून ११०वर जायचं म्हणजे ताकद दसपट, म्हणजे १० मिलीवॅट. ३२ ओहमवर त्यासाठी ०.५७ व्होल्ट लागतो. एवढा साधा प्लेअरही देतो. ३०० ओहमचा, ९७ डेसिबलचा मोठा हेडफोन असेल तर त्याच उंचीला २० मिलीवॅट, म्हणजे जवळजवळ २.५ व्होल्ट लागतात, आणि तिथे खिशातल्या प्लेअरची दमछाक होते. ४.४ मिलीमीटरचं बॅलन्स्ड भोक अशा हेडफोनसाठी असतं. त्यातून दुप्पट व्होल्ट मिळतात, पण प्लेअरचा आतला अडथळाही दुप्पट होतो. नाजूक इअरफोन वापरणाऱ्याने त्या भोकासाठी जादा पैसे मोजू नयेत.

हा आतला अडथळा म्हणजेच आउटपुट इम्पीडन्स. जाहिरातीत याचा उल्लेख क्वचित असतो, आणि आवाज बिघडवण्यात याचाच हात मोठा असतो. इअरफोनचा अडथळा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एकापेक्षा जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले स्पीकर) असलेल्या इअरफोनमध्ये तो एका पट्टीला ८ ओहम, तर दुसऱ्या पट्टीला ४० ओहम असा वरखाली होतो. प्लेअरचा अडथळा १ ओहम असेल तर या दोन पट्ट्यांच्या आवाजात पाऊण डेसिबलचा फरक पडतो, जो कळतही नाही. तोच १० ओहम असेल तर फरक ५ डेसिबलवर जातो. म्हणजे प्लेअरने न सांगता परस्पर ईक्वलायझर फिरवून टाकला. तंबोऱ्यात हे लगेच दिसतं: खर्ज आहे तसा राहतो आणि जवारी विझते, किंवा जवारी अंगावर येते आणि पंचम मागे जातो. ठोकताळा असा की प्लेअरचा अडथळा इअरफोनच्या अडथळ्याच्या आठव्या भागाहून कमी असावा. १६ ओहमला २, ३२ ओहमला ४. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेल्या साध्या इअरफोनचा अडथळा बहुधा सपाट असतो. त्याला हा त्रास फारसा होत नाही, आणि म्हणूनच तो कुठल्याही प्लेअरवर बरा वाजतो.

हा आकडा घरी मोजता येतो. लागतं ते असं: एसी व्होल्ट तीन दशांशांपर्यंत दाखवणारा एक मल्टीमीटर, ३३ ओहमचा एक रेझिस्टर, आणि जुनी ऑक्स वायर एका टोकाला कापून सोललेली. १०० हर्ट्झच्या एकसुरी आवाजाची फाइल संगणकावर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये बनवून प्लेअरवर टाकायची. १००च का? कारण स्वस्त मल्टीमीटर एसी व्होल्ट ५०-१०० हर्ट्झच्या आसपासच खरे दाखवतो, हजारावर गेला की थापा मारायला लागतो. ईक्वलायझर बंद. आवाज मध्यावर. आधी रेझिस्टर न लावता व्होल्ट मोजायचे, मग सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये रेझिस्टर लावून पुन्हा मोजायचे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, उत्तरातून १ वजा करा, आलेल्याला ३३ने गुणा. समजा ०.५०० होते आणि रेझिस्टर लावल्यावर ०.४८५ झाले: अडथळा १ ओहम, सुरेख. ०.३८०वर कोसळले तर १०.४ ओहम. अशा प्लेअरला बहु-ड्रायव्हर इअरफोन लावू नये. दोन गोष्टी सांभाळायच्या. सोललेल्या तारा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, आणि व्होल्टमीटर एसीच्या सगळ्यात लहान रेंजवर ठेवायचा.

जुन्या किंवा अगदी स्वस्त प्लेअरमध्ये आणखी एक अडचण निघते. आउटपुटला ते कपॅसिटर लावतात, डीसी अडवायला. कपॅसिटर लहान असेल तर डीसीबरोबर खालचे स्वरही अडतात. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन अशी जोडी जमली की १०० हर्ट्झपाशीच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो, आणि ६९ हर्ट्झचा खर्ज ५ डेसिबलने. डग्ग्याची घीस कोरडी होते, मींड पोटातून न येता वरवर घासते. त्याच प्लेअरला ३२ ओहमचा इअरफोन लावला की ही उतरण ५० हर्ट्झवर सरकते आणि खर्ज बराचसा परत येतो. प्लेअर बदलायची गरजच उरत नाही. हेच सर्किट २२० मायक्रोफॅरडने बांधलेलं असेल तर १६ ओहमलाही काम भागतं.

मग फुसफुस. रात्री घर निजल्यावर एक पूर्ण नि:शब्द फाइल वाजवा आणि ऐका. नुसता पॉज करून उपयोग नाही, कारण कित्येक प्लेअर पॉज होताच ॲम्प्लिफायर बंद करतात आणि आपल्याला खोटी शांतता ऐकू येते. ११० डेसिबलच्या पुढच्या संवेदनशील इअरफोनवर काही प्लेअर अखंड फुसफुसतात, आणि आवाज कमी केला तरी ती फुसफुस कमी होत नाही, कारण ती व्हॉल्यूमच्या नंतरच्या टप्प्यात जन्मते. तंबोऱ्याच्या दोन छेडण्यांमधल्या जागेत ती स्वच्छ ऐकू येते. याच परीक्षेत व्हॉल्यूमच्या पायऱ्याही मोजून घ्या. ३० पायऱ्यांचा प्लेअर संवेदनशील इअरफोनवर पहिल्याच पायरीला मोठा वाटतो, आणि झोपताना ऐकायला दुसरी जागा उरत नाही. ६० किंवा १०० पायऱ्या असाव्यात.

या सगळ्यानंतर, शेवटी, डॅकची, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी, चिप. दुकानाच्या पाट्या तिच्यापासून सुरू होतात, म्हणून मुद्दाम शेवटी. सीडीचा १६ बिटांचा आवाका ९६ डेसिबल असतो आणि ४४.१ किलोहर्ट्झचं मोजमाप २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण सांभाळतं. बहुतेक मोठ्या माणसांना १५-१६ किलोहर्ट्झच्या वरचं मुळात ऐकूच येत नाही. आजची सामान्य चिपही हे काम चोख करते. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ ध्वनिमुद्रण करताना उपयोगी, ऐकताना नाही. जुन्या ७८च्या तबकडीवरून किंवा घरच्या कॅसेटवरून उतरवलेलं गाणं १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ठेवलं तर कार्ड भरतं, खरखर जास्त बारकाईने जतन होते, आणखी काही नाही.

ब्लूटूथबद्दल एवढंच: वायरलेस इअरफोन वापरणार असाल तर महाग प्लेअर घेऊ नका. डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही मग इअरफोनच्या पोटात असतात, प्लेअरचे नुसते झोपलेले असतात. एलडॅक हा ब्लूटूथने आवाज पाठवायचा प्रकार कागदावर सेकंदाला ९९० किलोबिट नेतो, पण गर्दीत तो ६६० किंवा ३३०वर उतरतो.

फाइलींकडे मात्र नीट लक्ष द्यावं, कारण हा खर्च फक्त वेळेचा आहे. घरात सीडी पडून असतील तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने त्या फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता लहान होणाऱ्या फाइलींत, उतरवाव्यात. फाइल दाबण्याची पातळी ५वर ठेवली की पुरे. ०पासून ८पर्यंत कुठलाही आकडा घेतला तरी आवाज अक्षरशः तोच राहतो, फक्त फाइल थोडी लहानमोठी होते. तासाभराची सीडी मूळची ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४००. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डवर साडेतीनशे तासांच्या आसपास गाणं मावतं. एमपीथ्री करायचंच असेल तर सेकंदाला २५६ किंवा ३२० किलोबिट. १२८चं एमपीथ्री कुठे फसतं ते ऐकायला दोन जागा: तबल्याच्या चाटीवरचा कोरडा ‘ता’ पडण्याच्या किंचित आधी एक पुसट हिसका ऐकू येतो, आणि मैफलीतल्या टाळ्या पाण्यात पडल्यासारख्या सळसळतात. आणि एकदा १२८ झालेलं ३२० करून परत काही मिळत नाही.

आपल्या संगीतासाठी सलग वादन ही अट सोडू नये. रागाच्या सीडीवर आलाप, जोड, झाला असे वेगळे ट्रॅक पाडलेले असतात, पण वादन अखंड असतं. प्लेअरने मध्ये अर्धा सेकंद श्वास घेतला की तंबोरा तुटतो, आणि तो धक्का कुठल्याही फुसफुशीपेक्षा वाईट असतो. एमपीथ्री करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा आपोआप जोडली जाते, म्हणून तिथे हा त्रास जास्त. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत ती जागा किती याची नोंद असते, पण ती वाचायची अक्कल प्लेअरला हवी. फ्लॅकमध्ये ही जागा नसतेच. तरीही काही स्वस्त प्लेअर दोन फाइलींच्या मध्ये अडखळतात, म्हणून विकत घेण्याआधी दोन सलग ट्रॅक लावून पाहायचेच.

देवनागरी नावांचं दुखणं वेगळं. गाण्याची माहिती जुन्या साच्यात भरलेली असेल तर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. एमपीथ्रीटॅगसारख्या सॉफ्टवेअरने आयडीथ्री या माहितीच्या साच्याची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही अक्षरांची पद्धत निवडून सगळ्या फाइली पुन्हा जतन केल्या की अक्षरं उमटतात. पण उमटली तरी ती जुळतीलच असं नाही. लहान प्लेअरना जोडाक्षरं घडवता येत नाहीत. ‘विलंबित’मधल्या वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडतात, ‘ख्याल’चा ख पाय मोडून एकटा उभा राहतो. नवीन अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये मराठी नीट दिसतं, बाकीच्यांत सहसा नाही. तिथे नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी. मन खट्टू होतं, पण राग शोधता येतो. फाइलीच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत, आणि कार्डवर त्याच क्रमाने उतरवावं, कारण काही प्लेअर नावाचा क्रम न पाहता आधी आलेली फाइल आधी वाजवतात. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलचं, साधं जेपेग. मोठ्या चित्रांनी चिमुकले प्लेअर गाणं बदलताना गुदमरतात.

मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन. बनावट कार्ड खोटा आकार सांगतं, आणि भरत आलं की आधीची गाणी खायला लागतं. नवं कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने एकदा पूर्ण भरून तपासावं. १२८ जीबीला वेळ लागतो, रात्री लावून झोपावं. ६४ जीबी आणि पुढची कार्डं एक्सफॅट या मांडणीत येतात. जुना प्लेअर ती नाकारतो, पण फॅट३२मध्ये फॉरमॅट केली की बहुधा स्वीकारतो. वेगाची काळजी नको, फ्लॅकला सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास लागतं.

आता नावं. जुन्यात सॅनडिस्कचा क्लिप प्लस आणि क्लिप झिप. काड्यापेटीएवढे, आतला अडथळा सुमारे १ ओहम, आणि त्यावर रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर चढवता येतं. रॉकबॉक्सने सलग वादन येतं, फोल्डरनुसार गाणी दिसतात, निरनिराळ्या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा आवाज एका पातळीवर आणता येतो. त्यातली क्रॉसफीडची, म्हणजे एका कानाचा आवाज थोडा दुसऱ्या कानात मिसळण्याची, सोय जुन्या स्टिरिओ मुद्रणांना वरदान आहे. तिथे तबला पूर्ण डाव्या कानात आणि पेटी पूर्ण उजव्या कानात कोंबलेली असते, ती जरा मोकळी होऊन समोर येते. ईक्वलायझरने खर्ज ४ डेसिबल वाढवला तर आधी एकूण पातळी ४ने खाली आणायला विसरू नये, नाहीतर समेवर आवाज फाटतो. हे प्लेअर आता जुनेच मिळतात आणि त्यांची बॅटरी थकलेली असते. अंग फुगलेलं किंवा पडदा उचललेला दिसला तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यानंतर आलेल्या क्लिप स्पोर्टच्या नावाला भुलू नका, तो आतून वेगळा आहे.

नव्यात शानलिंगचा एम० प्रो तळहातापेक्षा कितीतरी लहान आहे. त्याला स्वतःची साठवण नाही, कार्ड घ्यावंच लागतं. स्पर्शाचा इवलासा पडदा खिशात हात घालून चालवता येत नाही, ही त्याची उणीव मला मोठी वाटते. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ अँड्रॉइडवर चालतो, बाजूला खऱ्या कळा आहेत, मराठी नावं नीट दिसतात. आकार मात्र छोट्या फोनएवढा. दिवसभर सोबत ठेवायचा, कपाटातल्या सीडी उतरवून ऐकायच्या, एवढीच गरज असेल तर हाच माझा कल. चालताना शर्टाला अडकवायचा असेल तर नाही.

दोन प्लेअर शेजारी लावून तुलना करताना आवाजाची पातळी मल्टीमीटरने जुळवून घ्यावी. तोच १०० हर्ट्झचा सूर, तोच रेझिस्टर, आणि दोन्हीकडे व्होल्ट शक्य तितके सारखे. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला प्लेअर ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो, आणि विक्रेत्याचा अंगठा कळेवर असतो.

परत करायची मुदत संपण्याच्या आत आणखी तीन गोष्टी तपासायच्या. आवाज अगदी खालच्या पायरीवर ठेवून दोन्ही कानांत सारखा येतो का. एकसुरी मोनो फाइल लावली की सूर कपाळाच्या मधोमध यायला हवा. वायर भोकात हळूच फिरवल्यावर खरखर होते का. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत भोकाचे पत्रे आधीच काळे पडतात, त्यात ते सैल असतील तर वर्षही निघणार नाही. आणि रात्री बॅटरी पूर्ण भरून, प्लेअर नेहमीच्या कळेने बंद करून ठेवावा आणि दोन दिवसांनी उघडावा. दहा-पंधरा टक्के उतरली असेल तर तो खरा बंद झालेलाच नव्हता, नुसता डोळा लागला होता. सेटिंगमध्ये ‘पूर्ण बंद’ची वेळ दहा मिनिटांवर लावून पुन्हा दोन दिवस पाहावं. तरीही उतरत असेल तर खोकं, बिल, केबल सगळं गोळा करून परत पाठवावा.